दुसरा चमचा

१

नोवी सादमधल्या आपल्या घरातून निघताना प्राध्यापक वुकाशिन यांनी गॅसचं बटण तपासलं, कुलूप लावलं, जिना उतरले, आणि अर्ध्या वाटेवरून परत वर जाऊन पुन्हा बटण तपासलं. हे त्यांचं नेहमीचंच. आज फरक एवढाच, की पाठीवर पिशवी होती, डोक्यावर नवी कोरी निळी टोपी होती आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचं काळीज सहलीला निघालेल्या पोरासारखं उड्या मारत होतं.

सगळा जन्म त्यांनी प्राचीन ग्रीक शिकवण्यात घालवला, पण ग्रीस पाहिलं ते परिषदांच्या सभागृहांतून. विमानतळावर कुणीतरी नावाची पाटी धरून उभं, जेवायला रांग, परतीला गाडी. या खेपेला पाटी नव्हती, रांग नव्हती. मिळेल ती बस, आवडेल ते गाव, दिसेल ती खोली. सर्बियातून खाली मॅसेडोनिया, तिथून ग्रीस, आणि शेवटी वोलोसच्या डोंगरावरचं माक्रिनित्सा. सगळं एकट्यानं.

त्यांच्या मुलीनं, दुन्यानं, आदल्या दिवशीच अट घातली होती.

"बाबा, जायचं तर जा. पण रोज संध्याकाळी फोन करायचा. आणि वाटेत हरवलास, काही विसरून बसलास, तर परत आल्यावर मुकाट्यानं आमच्याकडे राहायला यायचं. खोली रंगवून ठेवलीय मी."

"आणि सगळं नीट पार पडलं तर?"

"तर तुझं घर तुला लखलाभ. पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

ती स्वतः सुट्टीला वोलोसच्या समुद्रावर येणार होती. परतताना माक्रिनित्साहून बाबांना गाडीत घालून नेणार होती. नेणार म्हणजे तपासणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात गॅस चालू राहिल्यापासून तिचा त्यांच्यावर भरवसा उरला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांचाही स्वतःवर उरला नव्हता. आपण आत्ता केलं ते खरंच केलं का, की करायचं ठरवलं होतं? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, त्याला आता स्वतःची आठवण तपासून बघावीशी वाटत होती.

पण बस सुटली, खिडकीबाहेर सूर्यफुलांची शेतं पळायला लागली, आणि प्राध्यापक चक्क गुणगुणायला लागले.

२

मॅसेडोनियातल्या बितोलाला उतरल्याउतरल्या त्यांनी देस्पाबाई नावाच्या घरमालकिणीची खोली पटकावली. पटकावली हाच शब्द खरा, कारण घासाघीस त्यांनी जन्मात पहिल्यांदाच केली होती. अंगणात द्राक्षाचा मांडव, खाली मेज, दोन खुर्च्या. जिवाची चैन होती.

देस्पाबाई तबक घेऊन आल्या. आलेल्या पाहुण्याला मुरांबा आणि गार पाणी दिल्याशिवाय घर त्याच्याशी बोलत नाही, हे काही प्राध्यापकांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या आईनंही जन्मभर तेच केलं. बशीत पांढऱ्या चेरीचा मुरांबा, चमचा, पाण्याचा ग्लास. खायचा, पाणी प्यायचं, उष्टा चमचा ग्लासात टाकायचा, करणाऱ्या हातांना दुवा द्यायचा.

तबकात दोन बश्या होत्या. दोन चमचे. दोन ग्लास.

एक बशी त्यांच्यापुढे आली. दुसरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मग देस्पाबाई तबक पोटाशी धरून उभ्या राहिल्या. घरच्या बाईनं पाहुण्याबरोबर खायचं नसतं. सगळ्यांचं होईपर्यंत उभं राहायचं असतं.

प्राध्यापकांनी आपला चमचा संपवला. अप्रतिम होता. देस्पाबाई हलेनात. त्यांची नजर दुसऱ्या बशीवर होती. ही दुसरी कुणासाठी, असं विचारावं तर बाईंची चूक काढल्यासारखं होईल. आणि मुरांबा तसाच सोडणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. त्यांच्या आईनं त्यांना आणखी काही शिकवलं नसेल, पण एवढं शिकवलं होतं. त्यांनी हात लांबवला, दुसरी बशी ओढली आणि तोही चमचा तोंडात घातला. वरून दुसरा ग्लासही प्याले.

देस्पाबाईंच्या भुवया वर गेल्या.

"अगंबाई! त्यांचाही तुम्हीच खाल्लात?"

"कुणाचा?"

बाई खळखळून हसल्या. "भूक लागलेली दिसतेय प्रोफेसरांना. लागायचीच, प्रवास आहे! आता त्यांना काय देऊ मी?"

आणि हसतहसतच आत गेल्या. दुसरा कुणी भाडेकरू असणार, प्राध्यापकांनी मनाशी म्हटलं. आणि आपण त्याचा मुरांबा खाल्ला. लाजेनं त्यांचे कान तापले, आणि मग त्यांनाही हसू आलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी चोरी! दुन्याला फोन करून त्यांनी ही गंमत सांगितली, आणि ती इतकी हसली, की फोन ठेवल्यावरही ते अंगणात उभे राहून ते हसणं आठवत होते. आई गेल्यापासून ती असं हसली नव्हती.

सकाळी निघताना त्यांनी विचारलं, "तुमचे दुसरे पाहुणे उठले का? माफी मागायची होती."

"दुसरे कुठले?" देस्पाबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंच तर होतात."

३

सीमेपलीकडे बस जात नव्हती, म्हणून त्यांनी टॅक्सी केली. चालक त्रायको नावाचा, मिशीत हसणारा गडी.

"प्रोफेसर, जरा ग्रीक बोलून दाखवा की."

प्राध्यापकांनी एक वाक्य बोलून दाखवलं.

"अहो, असं बोललात तर पलीकडे तुम्हाला सरळ देवळात नेऊन बसवतील. आणि पुढ्यात मेणबत्ती लावतील!"

प्राध्यापक पोट धरून हसले. पण मघापासून मनात एक पाल चुकचुकत होती. तुम्ही दोघंच. बाईंना नक्की काय म्हणायचं होतं? "तुम्ही नि मी" असं म्हणायचं असेल. घाईत माणूस काहीही बोलतो. घाईत माणूस काहीही ऐकतो, हेही तितकंच खरं.

सीमेवरच्या शिपायानं खिडकीतून त्यांचा पासपोर्ट घेतला, शिक्का मारून परत दिला, आणि हात तसाच पसरून ठेवला. नजर त्यांच्या शेजारच्या जागेवर. दोन श्वास गेले. मग त्याच्या चेहऱ्यावर, आपण काय करत होतो हे विसरलेल्या माणसाचे भाव आले. त्यानं हात मागे घेतला आणि गाडी पुढे काढायला सांगितलं.

"झोपत नाहीत हे लोक," त्रायको म्हणाला.

फ्लोरिनाला उतरताना त्यानं गाडीचे मागचे दोन्ही दरवाजे उघडले. गाडीला हवा लागावी म्हणून असेल.

४

कास्तोरियाचं तळं दिसलं आणि प्राध्यापक पाल विसरले. चंदेरी पाणी, काठावर झुकलेली झाडं, पाण्यावर आळसटल्यासारखे तरंगणारे पेलिकन. एका बुटक्या जुन्या चर्चच्या दारावर कोरलेली ओळ त्यांनी नाक लावून वाचली आणि आनंदानं मोठ्यानं ओरडले. तिथली झाडणारी बाई दचकली. दुपारभर ते गल्ल्यांतून भटकले. चुकले, विचारलं, परत चुकले. कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. टोपी मात्र फ्लोरिनाच्या बसमध्ये राहिली असावी. असू दे.

इथली घरमालकीण फोतिनी. नखरेल, तोंडाळ, कानांत मोठाले डूल.

"काय हो प्रोफेसर, तुमची भाषा माझ्या पणजोबांच्या पाद्र्यासारखी आहे! बसा. बसा दोघंही."

तबकात दोन बश्या होत्या.

या खेपेला त्यांनी विचारायचं ठरवलं. तोंड उघडलंही. पण "दुसरी कुणासाठी?" या साध्या प्रश्नाची दोनच उत्तरं शक्य होती. एक, बाईंची चूक. दुसरं, ज्याला उत्तर म्हणता येणार नव्हतं. आणि एकदा प्रश्न विचारला, की त्याचं काहीतरी करावं लागलं असतं. दुन्याला सांगावं लागलं असतं. त्यांनी आपला चमचा खाल्ला. दुसऱ्या बशीला हात लावला नाही.

"हात धुऊन येतो," म्हणून ते आत गेले. नळ सोडला, आणि नळाच्या आवाजातून एक बारीक किणकिण ऐकू आली. काचेवर चमचा टाकल्याची.

बाहेर आले तेव्हा फोतिनी रस्त्यापलीकडे शेजारणीशी भांडत होती. मेजाशी कुणी नव्हतं. दुसरी बशी स्वच्छ होती. चमचा ग्लासात होता, पाणी अर्ध्यावर आलं होतं, आणि अजून हलत होतं.

मांजर, ते म्हणाले. पण मांजर चमचा ग्लासात टाकत नाही.

संध्याकाळी त्यांनी दुन्याला फोन लावला.

"काय रे बाबा, परत?" ती हसतच होती.

"परत म्हणजे?"

"दुपारी तासभर बोललास ना! त्या झाडणाऱ्या बाईची नक्कल काय केलीस, इथे हॉटेलात मी तोंडात रुमाल कोंबला होता. बाबा, एक सांगू? कितीतरी वर्षांनी तुझा आवाज असा ऐकला मी. नाहीतर तुझं आपलं सदा, हे चुकलं का, ते राहिलं का."

दुपारी त्यांचा फोन खोलीत खाटेवर पडलेला होता. फोन तिथेच ठेवला होता, याची त्यांना खात्री होती. जितकी त्यांना कशाचीही असू शकते, तितकी.

मी नाही केला फोन, असं म्हणायचा अवकाश होता. एका वाक्यात संपलं असतं. आणि त्या वाक्यानंतर दुन्या गप्प झाली असती. ती गप्प झाल्यावर कशी होते, ते त्यांना माहीत होतं. रंगवलेली खोली त्यांच्या डोळ्यांपुढे आली. फिकट पिवळी.

"हो हो," ते म्हणाले. "नक्कल. करमेना म्हटलं, परत लावावा."

५

पुढच्या बसमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी होती. प्राध्यापकांच्या शेजारची जागा रिकामी. टोपली घेतलेली एक म्हातारी आली, बसायला वाकली, "माफ करा हं" म्हणाली आणि जाऊन दांड्याला लटकून उभी राहिली. प्राध्यापकांकडे बघून म्हणाली नव्हती.

त्यांनी सगळे तर्क करून पाहिले. आपली स्मृती गेली असावी, हा पहिला. तोच सगळ्यात सरळ आणि सगळ्यात भयंकर. पण स्मृती गेलेल्या माणसाला देस्पाबाईंच्या चेरीची चव इतकी स्पष्ट आठवते? त्या दुसऱ्या चमच्याची तर पहिल्यापेक्षाही जास्त. तो किंचित थंड होता. चव कशी सांगावी? जशी दुसऱ्याच्या घरातल्या उशीला वास असतो, तशी.

आणि गंमत अशी, की भीतीच्या बुडाशी अजूनही तो उत्साह होता. उलट वाढला होता. खिडकीबाहेर ऑलिंपसचा पर्वत ढगांतून वर आला तेव्हा त्यांच्या अंगावर शहारा आला. सगळा जन्म खबरदारीत गेला, आणि आता कुठे काहीतरी होत होतं!

माक्रिनित्सा म्हणजे डोंगराला लटकवलेलं गाव. खाली वोलोस, त्याच्याखाली समुद्र. चौकात अवाढव्य चिनार आणि त्याच्या सावलीत कॉफीची टेबलं. प्राध्यापक धापा टाकत चौकात आले, तेवढ्यात कॉफीवाला आतून ओरडला,

"या हो प्रोफेसर! पाय दुखतायत का आज? काल काय नाचलात, राव! आमच्या पोरांना लाजवलंत!"

कॉफीवाला त्यांच्याकडे पाहत नव्हता. त्यांच्या खांद्यावरून पुढे, उताराच्या वाटेकडे पाहून तो हात हलवत होता. प्राध्यापकांनी वळून पाहिलं. वाट वळत होती तिथे, भिंतीआड जाता जाता, निळ्या कापडाची एक कड दिसली. तेवढीच.

त्यांनी तिथेच बाकावर बसून दुन्याला फोन लावला.

"बाबा? तू आता सतावतोयस हं. उद्या सकाळी येतेय ना मी! आत्ताच तर बोललो." मग तिचा आवाज बदलला. "थांब. बाबा, काही गडबड आहे का? खरं सांग. मी रागावणार नाही."

चिनाराची पानं सळसळत होती. खाली समुद्रावर एक जहाज उन्हात चमकत होतं. दुन्या वाट पाहत होती, आणि प्राध्यापकांना कळत होतं, की ती पुन्हा असं विचारणार नाही.

"काही नाही गं," ते म्हणाले. "सगळं छान आहे."

"हॅलो?" दुन्या म्हणाली. "बाबा? ऐकू येत नाहीय. हॅलो?"

६

अँथूलाबाईंचं घर चौकाच्या वरच्या अंगाला. प्राध्यापकांनी इथली खोली आधीच ठरवली होती. त्यांनी दार वाजवलं, नाव सांगितलं. अँथूलाबाईंनी डोळे बारीक केले, जसं धुरातून बघतात.

"प्रोफेसर तर कालच आले. तुम्ही त्यांच्याबरोबरचे का? म्हणाले होते खरं, मागून एक जण येईल, त्याला वरची लहान खोली द्या म्हणून. फार गमत्या माणूस हो! तुम्ही मात्र अगदीच बोलत नाही."

"अहो बाई, वुकाशिन मी आहे!" ते ओरडले.

बाईंनी मान कलती केली, जणू कुठे दार करकरलं. मग दार तसंच उघडं टाकून आत निघून गेल्या.

सकाळी अंगणातून हसण्याचा आवाज आला. ते हसणं त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. ते खिडकीशी धावले.

खाली मेजाशी दुन्या बसली होती. तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून, निळी टोपी घातलेला कुणी. सुरकुतलेली मान, उन्हानं छान रापलेली. तो हात नाचवत काहीतरी सांगत होता, आणि दुन्या डोळे पुसत हसत होती. अँथूलाबाई तबक पोटाशी धरून उभ्या होत्या.

"हरलेच मी बाबा," दुन्या म्हणाली. "घर तुझं. आणि ती खोली मी शिवणकामाला घेते."

प्राध्यापक जिना उतरले. अर्ध्यावर थांबले नाहीत, परत वर गेले नाहीत. अंगणाच्या उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी सगळ्या बळानिशी तिचं नाव घेतलं.

दुन्यानं मागे वळून पाहिलं. थेट त्यांच्याकडे. एक क्षण तिच्या कपाळावर आठी पडली. लहानपणी तापात पडायची तशी.

"काय झालं?" टोपीवाल्यानं न वळताच विचारलं. आवाज त्यांचाच, पण त्यातली काळजी कुणीतरी काढून घेतलेली.

"काही नाही," दुन्या म्हणाली. "वारा असेल."

"इश्श, तीन बश्या आणल्या की मी!" अँथूलाबाई मेजाकडे बघून म्हणाल्या. "वय झालं माझं. खाता का प्रोफेसर हीसुद्धा?"

"नको," टोपीवाला म्हणाला. "असू दे तशीच. कुणाची तरी असते ती."

आणि पाठमोऱ्यानंच त्यानं ती बशी मेजाच्या कडेला सरकवली. प्राध्यापकांच्या बाजूला.

७

गाडी उतारावरून गेली. पुढच्या जागेवर निळी टोपी, आणि वळणावरही हसणं ऐकू येत होतं. प्राध्यापक बराच वेळ उभे होते. मग मेजाशी येऊन बसले. मुरांबा अक्रोडाचा होता. त्यांनी खाल्ला, त्याला काहीच चव नव्हती. चमचा त्यांनी ग्लासात टाकला. सवय.

घर वाचलं, त्यांना वाटलं. तो गॅस विसरणार नाही. ती रोज हसेल. हे सगळं बरोबरच होतं. पेपर तपासायला मिळाला असता, तर त्यांना एकही गुण कापता आला नसता.

दुपारची बस आली. लाल पिशवी पाठीवर घेतलेली एक मुलगी चढण चढून वर आली. घामेजलेली, एकटी, आणि आनंदानं फुटायला आलेली. समुद्राकडे पाहून ती चक्क उडी मारून ओरडली. प्राध्यापकांनी ती उडी ओळखली. त्यांचं काळीज, जे सकाळपासून गप्प होतं, एकदा जोरात धडकलं.

ती अँथूलाबाईंच्या अंगणात शिरली, त्यांच्याच मेजाशी येऊन बसली, समोरच्या खुर्चीवर, आणि फोन कानाला लावला.

"हो बाबा, पोचले. एकटीच, मग काय! अरे रोज करीन फोन, नको काळजी करूस. इथे इतकं सुंदर आहे बाबा, काय सांगू!"

अँथूलाबाई तबक घेऊन आल्या. दोन बश्या, दोन चमचे, दोन ग्लास. एक मुलीपुढे. एक प्राध्यापकांपुढे. मग तबक पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

मुलीनं आपला चमचा संपवला. पाणी प्याली. बाई हलेनात. मुलीनं दुसऱ्या बशीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा बशीकडे. चांगल्या घरातली मुलगी होती. कुणीतरी तिला शिकवलं होतं, की कुणाच्या घरी काही ताटात टाकू नये.

नको खाऊस, बाळ. एवढंच म्हणायचं होतं. सगळं आयुष्य ज्यांनी सभ्यपणात काढलं, त्यांना एवढं तरी म्हणता यायला हवं होतं. निदान बशीवर हात तरी ठेवता यायला हवा होता. त्यांनी हात ठेवलाही.

आणि बशी बोटभर तिच्याकडे सरकवली.

मुलीनं चमचा उचलला. प्राध्यापक श्वास रोखून, खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन पाहत होते. संध्याकाळी तिच्या बाबांना फोनवर काय काय सांगायचं, ते त्यांना आत्तापासूनच सुचू लागलं होतं.